शवासनातल्या माणसाला हात लावायचा न्हाई

अप्पा, तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले अन् माझा राग अजून उतरला न्हाई. बाकीच्यांना तो आलाच न्हाई बहुतेक. ते तर खूश हायत. आपल्या कोहिनूर गावच्या चौकात तुमचा हार घातलेला फोटो लागलाय, खाली लिहिलंय, 'योगसाधनेत लीन होऊन देह ठेवला.' तुम्ही रविवारी गाणगापूरच्या ज्या लॉजमधे यात्रेकरूंना सूर्यनमस्कार शिकवायला जायचात, तिथले लोक भला मोठा हार घेऊन आले. म्हणायलेत, असं मरण कुणाच्या नशिबात असतंय, पहाटेच्या वक्ताला, शवासनात, शिष्य भोवती बसलेले. भोवती बसलेले म्हणे. आम्ही बसलो नव्हतो अप्पा. आम्ही तुमच्या आजूबाजूला तासभर आसनं करायलो होतो अन् तुम्ही खिडकीखाली मरून पडला होतात.

असं फाडकन बोललेलं तुम्हाला चालायचं न्हाई. 'मास्तरीण, आधी श्वास सोड, मग तोंड उघड,' म्हणायचात. सोळा दिवस झाले श्वास सोडायलेय. काही फरक न्हाई. आता तोंड उघडते.

मी पहिल्यांदा आले ती कंबर धरून. मराठी शाळेत तिसरीला शिकवणारी बाई, दिवसभर उभं राहून कंबरेचं वाटोळं झालेलं, अन् डोकं कायम तापलेलं. तुमच्या भावाच्या तुरीच्या गोदामावरची ती लांब खोली, नाकात डाळीची धूळ, खाली पोत्यांवर मांजर झोपलेलं. मी म्हणलं, अप्पा, दोन-चार आसनं सांगा, घरी करीन. तुम्ही म्हणलात, 'दोन-चार न्हाई. एक. ते झालं की दुसरं. अन् घरी न्हाई, इथं.' मी त्याच दिवशी मनात म्हणलं, हे म्हातारं खडूस हाय.

तरुणपणी म्हैसूरला डाळीची गाडी घेऊन गेलात अन् तिथल्या एका गुरूच्या दारात पाच वर्षं अडकलात, हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाठ झालं. तिथून तुम्ही आसनं कमी अन् नियम जास्त आणलेत. शनिवारी तेल लावून आंघोळ, आसन न्हाई. अमावस्या-पुनवेला सुट्टी. पुढचं आसन गुरूनं दिल्याशिवाय घ्यायचं न्हाई. शेजारचा काय करतोय ते बघायचं न्हाई. अन् शवासनातल्या माणसाला हात लावायचा न्हाई, हाक मारायची न्हाई, त्याच्या अंगावरून वारं जाईल असं चालायचं बी न्हाई. तो आपला आपण परत येतो, म्हणायचात.

न्हाई आला की अप्पा परत.

खोटं कशाला बोलू, तुम्ही मला माणसात आणलं. तुमच्याकडं यायच्या आधी मी पोरांना मारायची. पट्टीनं, हातानं, जे सापडंल त्यानं. एकदा एका लेकराच्या गालावर माझी पाच बोटं उठली अन् दुसऱ्या दिवशी त्याची आई नुसती दारात येऊन उभी राहिली. ते मी घरात कुणाला सांगितलं न्हाई, तुम्हाला सांगितलं. तुम्ही समजावलं न्हाई, रागावला बी न्हाईत. दुसऱ्या दिवसापासून मला सूर्यनमस्काराच्या शेवटी, खाली वाकलेल्या अवस्थेत, पाचाऐवजी दहा श्वास थांबवलंत. हात थरथरायचे, घाम डोळ्यात जायचा, अन् तुम्ही आकडे मोजायचात ते असे की नऊ अन् दहाच्या मधे एखाद्याचा चहा पिऊन होईल. 'पळून जावं वाटायलंय ना? जाऊ नको. तेवढंच शिकायचंय.' त्यानंतर मी कुठल्या लेकराला हात लावला न्हाई. नऊ वर्षं झाली. ह्याचे आभार मी कधी मानले न्हाईत, आज बी मानायच्या मनःस्थितीत न्हाई, पण ते हायत.

अन् मग तुम्ही मला अडकवून ठेवलंत. मरीच्यासनाच्या चौथ्या प्रकाराला. एक पाय मांडीवर, दुसरा गुडघा उभा, कंबर पिळून हात गुडघ्याला वेढा घालून पाठीमागं न्यायचा अन् दुसऱ्या हाताची बोटं धरायची. माझी बोटं लागायची न्हाईत. चार वर्षं, अप्पा. रोज मी पिळून घ्यायची, तुम्ही मागं येऊन उभे राहायचात, अन् म्हणायचात, 'साकु.' पुरे. बास. पुढचं न्हाई. माझ्यानंतर आलेल्या पोरी पुढं गेल्या, त्यांना नावासन मिळालं, त्याच्या पुढचं मिळालं. मी आपली तिथंच. एकदा बोटं लागली. मी आनंदानं तुमच्याकडं बघितलं तर तुम्ही म्हणलात, 'बोटं लागली, श्वास कुठाय? साकु.' त्या दिवशी घरी जाऊन मी भाकऱ्या इतक्या जोरात थापल्या की नवरा स्वयंपाकघरात आला न्हाई.

मी तुम्हाला विचारलं होतं, कामून असं करता? मी काय तुमचं वाईट केलंय? तुम्ही हसलात. 'तुला पुढचं पाहिजे म्हणून देत न्हाई. पाहिजे नसंल तेव्हा देईन.' हे काय उत्तर झालं का? तेव्हा बी पटलं न्हाई, आज बी पटत न्हाई. आता ह्यावर भांडायला तुम्ही न्हाईत, म्हणजे भांडण तुम्हीच जिंकलात, असं मी मानणार न्हाई.

आता त्या गुलबर्ग्याच्या गाडीचं बोलते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, सगळे गेल्यावर, मी सतरंज्या गुंडाळायले होते अन् तुम्ही भिंतीला टेकून डावा हात चोळायलात. मी विचारलं तर म्हणलात, वात हाय. तेल आणून मी हात चोळून दिला. दुसऱ्या आठवड्यात परत. तिसऱ्या आठवड्यात जिना चढून आलात अन् मधल्या पायरीवर बसलात, मला म्हणलात, 'सुम्ने, उगंच बसलोय, वारं घ्यायला.' जिन्यात कुठलं आलंय वारं. मी त्याच दिवशी गुलबर्ग्याच्या डॉक्टरांकडं नंबर लावला, तुमच्या मागं लागून तुम्हाला गाडीत बसवलं, स्वतः शेजारी बसले. शाळेत रजा टाकली. वाटेत गाडी चहाला थांबली. तुम्ही म्हणलात, लघवीला जाऊन येतो. मी चहा घेऊन उभी. समोरून कोहिनूरकडं जाणारी गाडी निघाली अन् तिच्या खिडकीत तुम्ही. हात बी केलात मला. सत्तरीचा माणूस, अन् शाळा बुडवणाऱ्या पोरावानी पळाला.

दुसऱ्या दिवशी मी बोलले न्हाई. तुम्ही जवळ येऊन म्हणलात, 'अगं, पन्नास वर्षं ह्या छातीतला श्वास मी ऐकायलोय. मला कळणार न्हाई, अन् त्या डॉक्टराला कळंल?' मी म्हणलं, अप्पा, तुम्हाला श्वास कळतोय, काळजाच्या नळ्या कळत न्हाईत. तुम्हाला ते इतकं लागलं की तुम्ही आठ दिवस माझ्या पाठीमागं उभे राहिला न्हाईत. आठ दिवस मला कुणी साकु म्हणलं न्हाई. मग मीच नमले. मी नमायला नको होतं. तुम्हाला पोत्यात घालून न्यायला पाहिजे होतं, खाली गोदामात पोती काय कमी होती?

अन् शेवटचं भांडण. तुमच्या जाण्याच्या आदल्या दिवसाचं.

शेवटी सगळे शवासनात पडले होते. शकुंतलाअक्काच्या पिंडरीत गोळा आला. साठ वर्षांची बाई, तोंड दाबून कण्हायली होती, पण उठायची न्हाई, कारण तुमचा नियम. मी उठले, जाऊन तिची पिंडरी चोळली. तुम्ही खोलीच्या त्या टोकाकडून ओरडलात, सगळ्यांसमोर, मला, शाळेतल्या बाईला: 'हात लावायचा न्हाई म्हणलं ना! किती वर्षं झाली तुला इथं येऊन?' मी म्हणलं, तिला त्रास व्हायलाय. तुम्ही म्हणलात, 'होऊ दे. कुणी बी असो, हात लावायचा न्हाई. मी असलो तरी.'

मी माझी सतरंजी उचलली अन् नमस्कार न करता जिना उतरले.

पुढचं तुम्हाला माहीत न्हाई, म्हणून सांगते. दुसऱ्या दिवशी येऊ की नको ह्यात माझी पहाट गेली. मग म्हणलं, मी कामून सुट्टी घेऊ? आले. पावणेपाचला, सगळ्यांच्या आधी. रोजच्यासारखी तुमची स्वतःची आसनं करून तुम्ही खिडकीखाली पडला होतात, अंगावर पांढरी शाल, पाय किंचित बाहेर पडलेले. रोज आमचे सूर्यनमस्कार होईपर्यंत तुम्ही उठायचातच. मी दिवा लावला. दिव्याच्या उजेडात तुमची शाल दिसली अन् मला वाटलं, शाल हालत न्हाई. हे मी अजून कुणाला सांगितलं न्हाई. मला दिसलं होतं. पोट हालत नव्हतं. अन् मी मनात काय म्हणलं माहितीय? मी म्हणलं, मला दाखवायलाय म्हातारा. कसं पडायचं ते मला शिकवायलाय. पडा म्हणलं. अन् तुमच्याकडं पाठ करून सतरंजी टाकली.

दस्तगीर टेलर आले, शकुंतलाअक्का आल्या, बाकीचे आले. सगळे पाय न वाजवता. दस्तगीरभाई माझ्या कानाशी म्हणाले, 'अप्पा आज लई आरामात हायत, हौ?' मी म्हणलं, असू द्या. सगळ्यांना आपापलं पाठ, तुम्हीच तसं शिकवलेलं, कुणाला मोजायला माणूस लागत न्हाई. अकरा जणांचा श्वास त्या खोलीत घुमायला लागला अन् त्यात तुमचा नव्हता, हे एकाला बी कळलं न्हाई. पन्नास वर्षं श्वास ऐकणाऱ्याचे आम्ही शिष्य.

सूर्यनमस्कार झाले तरी तुम्ही पडलेलेच, अन् नियम म्हणून कुणी हाक मारली न्हाई. मी मरीच्यासनाला आले. कमरेतून पिळलं, हात मागं नेला, अन् बोटं लागली. नुसती लागली न्हाईत, घट्ट धरली गेली. अन् श्वास होता अप्पा. पाच श्वास, मोकळे, पोटापर्यंत. दुसऱ्या बाजूला बी. मी मान वळवून तुमच्याकडं बघितलं. राग होताच, तरी बघितलं. म्हणलं, आता तरी उठून बघा. तुम्ही उठला न्हाईत. मग माझं डोकं सरकलं. चार वर्षं ज्यासाठी ताटकळत ठेवलंत ते नावासन मी स्वतः घेतलं. मी न मागता, तुम्ही न देता. पाय वर उचलले, हात पुढं केले, अन् मुद्दाम जोरात श्वास ओढला, तुम्हाला ऐकू जावा म्हणून. शेजारी शकुंतलाअक्कांनी नियम मोडून माझ्याकडं बघितलं, त्यांचे डोळे एवढे झाले. आम्ही दोघी वाट बघायलो होतो. आता हे ओरडणार.

तुम्ही ओरडला न्हाईत.

एक श्वास, दोन श्वास, तीन. पाय हवेतच होते माझे, अन् मला कळलं. आमच्यातल्या कुणी न दिलेलं आसन घेतलं अन् तुम्ही गप्प राहिलात, असं झोपेत बी झालं नसतं. मी पळत आले. पाय वाजवत. शाल ओढली अन् तुमचा हात धरला. गार होता. फरशी बी गारच होती, म्हणून मी दंड धरला, गाल धरला, छातीवर हात ठेवला, जिथं जिथं हात लावायचा न्हाई तिथं तिथं लावला. दस्तगीरभाई जिना उतरून डॉक्टरला आणायला गेले ते अनवाणीच.

डॉक्टर आले, बघितलं, शाल वर ओढली. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, मी पावणेपाचला आले, तेव्हा ह्यांच्यात जीव होता का? ते म्हणाले, 'बाई, ते नक्की सांगता येत न्हाई.' मी परत विचारलं. ते परत तेच म्हणाले. एवढंच मला पाहिजे होतं अप्पा, अन् ते कुणाकडं न्हाई. तुम्ही मी यायच्या आधीच गेला असाल, तर मी नुसती मूर्ख. पण मी दिवा लावला तेव्हा तुमच्यात थोडा बी जीव असंल, तर मी तुमच्याकडं पाठ करून बसले होते. रुसून. रोज त्याच वेळेला जाग येते अन् रोज मी हेच उकरत बसते.

नऊच्या सुमाराला तुम्हाला घरी नेऊन आंघोळ घातली, विभूती लावली, तुमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर लोकं म्हणायले, काय सहज पद्मासन लागलं बघा, योग्याचं शरीर. खोटं हाय. तुमचे पाय दुमडायला चौघं लागले. मी दारात उभी होते, मी बघितलंय. तुम्ही आमच्यासारखेच हाडामांसाचे होतात, अन् हाडामांसाला डॉक्टर लागतो. हे मी तिथं मोठ्यानं बोलले. जंगमस्वामी माझ्याकडं बघायले, तुमच्या भावानं मला हाताला धरून अंगणात नेलं.

अंगणात अव्वा बसल्या होत्या. तुमची बायको, जिला तुम्ही आयुष्यभर एक आसन शिकवलं न्हाई, कारण तिनं मागितलं न्हाई. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, आठ दिवस झाले, पाठीत दुखायलंय म्हणत होते. जेवण कमी केलं होतं. मी म्हणलं, अव्वा, मला कामून सांगितलं न्हाई? त्या म्हणाल्या, 'तेच म्हणाले, मास्तरणीला सांगू नको. ती परत गाडीत बसवंल, अन् ह्या वक्ताला उतरू बी देणार न्हाई.'

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी उतरू देणार न्हाई, हे माहीत होतं. माझ्या हट्टावर एवढा भरवसा होता तर कामून लपवलंत? मला नऊ अन् दहाच्या मधे थांबायला शिकवलंत, पळून जाऊ नको म्हणलात, अन् स्वतः चहाच्या थांब्यावरून पळालात. हे मला तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं. त्या दिवशी मी नावासनात पाय वर धरून हेच म्हणायची तयारी करायले होते, तुम्ही ओरडलात की सुरू करायचं म्हणून.

तेरा दिवस खोली बंद होती. मग दस्तगीरभाई अन् शकुंतलाअक्का घरी आले. म्हणाले, बाई, आता तुम्हीच. मी म्हणलं, मला चौथ्या मरीच्यासनाच्या पुढचं येत न्हाई, मी काय शिकवू? दस्तगीरभाई म्हणाले, 'आम्हाला कुठं पुढचं पाहिजे? आम्हाला कुणीतरी मागं उभं पाहिजे.' मी न्हाई म्हणणार होते. तुमच्या जागेवर उभं राहायची माझी लायकी न्हाई म्हणून न्हाई, तुमचा राग आला म्हणून. पण शकुंतलाअक्कांनी एक विचारलं, अन् माझं न्हाई तिथंच राहिलं. त्या म्हणाल्या, 'शेवटी पडल्यावर डोळे मिटायची भीती वाटायलीय. घरी बी झोप न्हाई. कुणी बघंल का, असं वाटतंय.'

परवापासून खोली उघडलीय. तुमची जागा मोकळी ठेवलीय, खिडकीखालची. मी मरीच्यासनापर्यंत करते अन् थांबते. बोटं लागतात, श्वास असतो, तरी थांबते. ते नावासन मी चोरून घेतलं होतं, तुम्ही दिलेलं न्हाई, अन् आता ते देणारं कुणी न्हाई. हा राग तर माझ्यासंगं जाणार.

अन् शेवटी सगळे शवासनात पडतात, तेव्हा मी पडत न्हाई. मी उठते. एकेकाच्या पायाशी जाऊन बसते अन् अंगठा धरते. धरल्यावर त्यानं अंगठा हालवायचा, एवढंच ठरलंय. पहिल्या दिवशी दस्तगीरभाई दचकून म्हणाले, 'बाई, अप्पांचा नियम?' मी म्हणलं, अंगठा हालवा. त्यांनी हालवला. शकुंतलाअक्का तर मी येईपर्यंत डोळे उघडे ठेवून असतात, अंगठा धरला की मिटतात. दहा जणांचे अंगठे हालले की मी तुमच्या जागेपाशी जाते, तिथं बसते, अन् फरशीवर हात ठेवते.

आज बी ठेवला. सगळ्यांसमोर, शवासन चालू असताना, पाय वाजवत चालत जाऊन. तुमचा एक एक नियम मोडायलेय अप्पा. राग येत असंल तर उठा अन् ओरडा.